शुद्ध केलेली म्हैस

विद्यार्थ्यांनी विभागाच्या वेबसाइटवर लिहिलेला मजकूर कुणी बदलला, हे शोधायची वेळ आमच्यावर आलीच नाही. ज्यांनी बदलला त्यांनीच सकाळी स्टाफरूममध्ये येऊन, खुर्चीवर पिशवी ठेवता ठेवता सांगितलं, "मॅडम, तुमच्या मुलांची पानं मी दुरुस्त करून टाकली. फारच अशुद्ध होतं सगळं. समिती येणार आहे, लाज गेली असती." आणि शिपायाला हाक मारून त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

ते आमचे विभागप्रमुख. तो चहा मी घेतला नाही. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत त्यांनी मागवलेला कुठलाच चहा मी घेतला नाही. स्टाफरूममध्ये हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. तरी माझा कप मागवायचं त्यांनी सोडलं नाही. तो टेबलावर गार होत राहायचा आणि आम्ही दोघं त्याच्याकडे न बघता पेपर तपासत बसायचो.

मी मूळची लातूरची. वडील शाळेत शिक्षक, आई पोस्टात. घरात बोलणं वर्तमानपत्रासारखं, म्हणजे शुद्ध आणि जरा कोरडं. लग्न होऊन नांदेडला आले आणि इथल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवायला लागले. वर्गात बसणारी बहुतेक मुलं मुखेड, कंधार, देगलूर या बाजूंची. काही शहरात खोली करून राहायची, बाकीची रोज एसटीने येऊन-जाऊन करायची.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला बोलीभाषांवर एक घटक आहे. त्यात आपल्या भागाची बोलीही येते. ती शिकवायची पद्धत अशी, की मुलं गाईड विकत घेतात आणि 'या बोलीत आहे याऐवजी हाय असे रूप आढळते' हे वाक्य पाठ करतात. पाठ करून वर्गाबाहेर पडली की, "पळ बे, यष्टी लागलेली हाय" म्हणत स्टँडकडे धावतात. कुठल्यातरी लांबच्या बेटावरच्या माणसांबद्दल वाचावं तसं ही मुलं स्वतःबद्दल वाचत होती. काही वर्षं मी हे निमूटपणे शिकवलं. मग चीड यायला लागली.

त्याच सुमारास मूल्यांकन समिती येणार म्हणून महाविद्यालयात धांदल सुरू झाली. अध्यापनात वेब तंत्रज्ञान वापरलंय असं दाखवायचं होतं. प्राचार्यांनी प्रत्येक विभागाला वेबसाइटवर जागा दिली. बहुतेकांनी आपल्या जुन्या नोट्सचे फोटो काढून चढवले. कागद वाकडा, कोपऱ्यात अंगठा, मधे पंख्याची सावली. एवढं झालं की तंत्रज्ञान वापरलं. मला ते करायचं नव्हतं. संगणकशास्त्राचे एक तरुण सर होते. त्यांना मी म्हटलं, मला अशी पानं हवीत जिथे मुलं स्वतः लिहितील, एकमेकांचं वाचतील, खाली बोलतील. त्यांनी ती सोय करून दिली. प्रत्येक मुलाला एक पान, प्रत्येकाला पासवर्ड. काम एवढंच, की घरातली कुठलीही गोष्ट घरात बोलतात तशी लिहायची आणि खाली अवघड शब्दांचे अर्थ द्यायचे.

मुलांना हा सापळा वाटला.

"मॅडम, अशुद्ध लिवलं तर मार्क कटतेत," पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला. "अन आता तुमीच म्हणायलाव अशुद्ध लिवा."

"अशुद्ध नाही. तुमचं लिहा."

"तेच की."

बरेच दिवस पानं रिकामी राहिली. मग 'माझे गाव', 'माझी आई' असे निबंध यायला लागले, सगळे एकाच ठिकाणाहून उचललेले. मी ते पुसले. त्यावरून वर्ग रागावला. काहीजण तासाला यायचे बंद झाले. माझ्या नावाने वर्गाच्या ग्रुपवर काय चाललंय तेही माझ्या कानावर आलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वर्गात मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली एक मुलगी होती. घरची शेती, दोन म्हशी. ती मागून दुसऱ्या बाकावर बसायची. पाठीमागे कुणी हसलं तर मान वळवून त्याच्याकडे बघायची आणि तो खाली बघेपर्यंत बघतच राहायची. एकदा ती स्टाफरूममध्ये आली आणि फोन माझ्यासमोर टेबलावर आपटल्यासारखा ठेवला.

"मॅडम, ह्यो फोन मला लिवू देईना. म्या 'न्हाई' लिवलं की ह्यो 'नाही' करतंय. बोलून लिवाया गेले तर 'येली'चं 'वेली' करतंय."

"मग?"

"मग काय. आमच्या बाजारात ह्ये फोन बक्कळ इकतेत, अन आमची बोली कळंना व्हय ह्येंला?"

फोन आपोआप शब्द सुचवतो ती सोय कशी बंद करायची ते मी तिला दाखवलं. तिने ते तिथेच, उभ्याउभ्या, करून घेतलं आणि आभार न मानता गेली. दुसऱ्या दिवशी तिचं पान भरलं. वर्गातलं पहिलं खरं पान ते. त्यातला काही भाग मला पाठ आहे:

'आमची म्हस काल येरवाळी येली. वगार झाली. जार पडस्तोवर माय तिच्यापसून हालली न्हाई. बाप म्हणला, बाई आता च्या तरी घे. माय म्हणली, ती घेऊ द्या आदी, मग मी घेते.'

खाली तिने अर्थ दिले होते. येरवाळी म्हणजे पहाटे, वगार म्हणजे म्हशीचं मादी पिल्लू, जार म्हणजे पिल्लामागून पडणारी वार. 'येली' या शब्दाचा अर्थ दिला नव्हता. तो कुणाला लागेल असं तिला वाटलंच नसावं.

ते पान वाचून बाकीचे सुटले. कुणी मिरच्या वाळवण्यावर लिहिलं, कुणी चुलत्याच्या लग्नातल्या मारामारीवर. देगलूरकडच्या एका मुलाने घरातलं सगळं बोलणं लिहिलं आणि त्यात बहिणीला 'अक्का' म्हटलं, आणखीही चार शब्द तेलुगू होते. खाली कंधारच्या मुलाने लिहिलं, 'हे मराठी न्हाई, तेलगू हाय. चूक.' त्यावर उत्तर आलं, 'तुज्या कंधारात काय संस्कृत बोलतेत व्हय?' हे भांडण वर्गात आलं. दोघं उभे राहिले, मागचे बाक वाजायला लागले. मी ते भांडण थांबवलं नाही. गाईडवरून कुणी कधी भांडलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता विभागप्रमुखांबद्दल सांगायला हवं. ते कंधारजवळच्या एका गावचे. हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ते कधी ऐकू आलं नव्हतं. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं त्याहून कडक. फोन उचलला की "नमस्कार, बोलतो आहे" म्हणायचे. व्हरांड्यात एखाद्या मुलाने "सर हायेत का?" विचारलं तर त्याला तिथेच उभं करून "सर आहेत का" असं त्याच्याकडून वदवून घ्यायचे, पुढे-मागे मुलं उभी असताना. इतर विभागांच्या सूचनाफलकांवरच्या वेलांट्या लाल पेनाने सुधारायचे. वीस-बावीस वर्षांची मुलं त्यांच्यासमोर तोंड उघडेनाशी झाली होती. याला ते शिस्त म्हणायचे.

समितीच्या आधी सगळ्या विभागांची पानं डोळ्याखालून घालायला त्यांनी वेबसाइट उघडली आणि म्हैस त्यांच्या समोर आली.

चहा परत पाठवून मी संगणकासमोर बसले तेव्हा तिच्या पानावर असं लिहिलेलं होतं: 'आमची म्हैस काल पहाटे प्रसूत झाली. तिला मादी रेडकू झाले. वार पडेपर्यंत आई तिच्याजवळून हलली नाही. वडील म्हणाले, अगं, आता चहा तरी घे.' मारामारीच्या पानावर 'हाणला' होतं तिथे 'प्रहार केला' आलं होतं. देगलूरच्या अक्काची ताई झाली होती. शब्दांचे अर्थ काढून टाकले होते, कारण आता त्यांची गरज उरली नव्हती.

"सर," मी म्हटलं, "म्हैस व्याली असं तरी लिहायचं. प्रसूत कधी होते म्हैस?"

"प्रमाण भाषेत होते."

इतिहासाच्या मॅडम हसल्या. ते हसणं सरांना लागलं, हे मला त्यांच्या मानेवरून दिसलं. मला बरं वाटलं.

"अभ्यासक्रमात बोली आहे, सर."

"अभ्यासक्रमात तिचा अभ्यास आहे. ती लिहायची असं कुठे म्हटलंय?"

"मुलांना न विचारता त्यांचं लिहिलेलं बदललंत."

"मी त्यांच्या वह्या तपासताना त्यांना विचारत नाही."

वेबसाइटवर एक सोय होती. कुठल्याही पानाचा आधीचा मजकूर परत आणता यायचा. मी सगळी पानं परत पूर्वीसारखी केली. संध्याकाळी त्यांनी पुन्हा बदलली. मी पुन्हा परत आणली. माझं काम एका बटणाचं होतं. त्यांना मात्र प्रत्येक ओळ नव्याने लिहावी लागायची आणि ते एका बोटाने टाइप करायचे. त्यांच्या टेबलापाशी तो आवाज तासन्‌तास चालायचा, एक एक अक्षर. एवढी मेहनत त्यांनी वर्गात घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. आठवडाभर आम्ही असं केलं. समोरासमोर एक शब्द बोललो नाही.

मग एके दिवशी माझा पासवर्ड चालेना. मी संगणकशास्त्राच्या सरांकडे गेले.

"मॅडम, मला मधे घेऊ नका," ते स्क्रीनकडे बघत म्हणाले. "प्राचार्यांचा फोन आला. विभागाची पानं विभागप्रमुखांच्या ताब्यात असायला हवीत म्हणाले."

"आणि मुलांचे पासवर्ड?"

"त्याबद्दल काही म्हणाले नाहीत."

वर्गात हे सांगणं भाग होतं. मी सांगितलं. सगळेच चिडतील अशी माझी अपेक्षा होती, तसं झालं नाही. लग्नातल्या मारामारीवर लिहिणारा मुलगा म्हणाला, "बरं झालं की मॅडम. आता पावण्यारावळ्यांना दाविता येतंय. आदी लाज वाटत व्हती." आणखी दोन-तीन माना हलल्या. मुखेडकडची मुलगी उभी राहिली. आधी तिने त्या मुलाकडे नेहमीसारखं बघून घेतलं. तो खाली बघायला लागला. मग ती माझ्याकडे वळली.

"मॅडम, लिवा म्हणणाऱ्या तुमी, पुसणारे सर. आमी काय पाटी हाव का? तुमी दोगं आदी ठरवा, मग आमाला सांगा."

"मी ठरवलंय. मला आता पानं उघडता येत नाहीत."

"आमाला येत्यात?"

"येतात."

ती बसली.

पुढच्या सोमवारी विभागप्रमुखांना दुसऱ्या एका महाविद्यालयातल्या कुणाचा तरी फोन आला. ते "नमस्कार, बोलतो आहे" म्हणाले. फोन ठेवून त्यांनी वेबसाइट उघडली. विभागाच्या मुख्य पानावर त्यांचा फोटो आणि त्याखाली त्यांचं निवेदन असायचं. 'मराठी विभागाच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत. भाषिक संस्कार आणि अभिरुचीचे संवर्धन हे आमचे ब्रीद आहे.' फोटो तसाच होता. खालचं बदललं होतं.

'या, बसा. ह्यो मराठीचा विभाग हाय. हितं पोरांनी लिवलेलं फुकटात सुद्द करून भेटतं. म्हस असली तरी बाळंत करून देतेत. आपली बोली चपलीसंगट भाईर काढून ठिवावी.'

मुख्य पानही मुलांना बदलता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. त्याआधीचे तीन दिवस ते तसंच होतं आणि त्या तीन दिवसांत ते नांदेडमध्ये बऱ्याच फोनांवर पोचलं होतं.

कुणी केलं हे विचारायला ते वर्गात गेले तर ती स्वतःच उठली.

"म्या केलं, सर. तुमी माजं केलं, म्या तुमचं केलं."

तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. ते शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. प्राचार्यांच्या खोलीत शिरताना हेल्मेट कुठे ठेवावं ते त्यांना कळेना, म्हणून शेवटपर्यंत ते त्यांच्या मांडीवर राहिलं. प्राचार्य, विभागप्रमुख, ती आणि मी. ती उभी होती. तिला बसायला कुणी सांगितलं नाही, म्हणून मीही उभी राहिले.

विभागप्रमुखांनी सुरुवात केली. "आपल्या कन्येने संस्थेच्या संकेतस्थळावर विभागाची अप्रतिष्ठा होईल असा आक्षेपार्ह मजकूर प्रसृत केला आहे."

वडिलांनी मान हलवली. मग म्हणाले, "म्हंजी नेमकं काय केलं म्हणायलेत, सायेब?"

त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, थोड्या वेगळ्या शब्दांत, तितक्याच जड. वडील एकदा प्राचार्यांकडे, एकदा मुलीकडे बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, कारण काहीतरी वाईट झालंय एवढंच कळत होतं. तेव्हा विभागप्रमुख खुर्चीत पुढे वाकले आणि म्हणाले,

"आवो, तुमच्या पोरीनं माजी इज्जत घालिवली. म्या हितं शिकिवतो ते समदं सोंग हाय मनून लिवलंय तिनं, अन आख्ख्या नांदेडानं वाचलंय ते. आता समजलं का?"

"हाव, समजलं," वडील म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. आवाजसुद्धा दुसरा होता, रुंद.

ती म्हणाली, "सर, आता जे बोललाव ते लिवलं असतं तर तुमीच पुसलं असतं."

ते तिच्यावर ओरडतील असं वाटलं. ते माझ्याकडे वळले, आणि पुन्हा आपल्या नेहमीच्या भाषेत बोलायला लागले. "हे तुम्ही शिकवलंत हिला. मॅडम, तुमच्या माहेरी कोण असं बोलतं? कोणी नाही. तुम्हाला हे ऐकायला गोड लागतं, म्हणून तुम्ही मुलांकडून ते वाजवून घेता. मी पहिल्या मुलाखतीला पुण्याला गेलो तेव्हा तोंडातून 'हाय' निघून गेलं. समोरचे तिघे हसले. एक तर रुमाल तोंडाला लावून हसला. तुम्हाला कधी कोणी हसलंय? ही उद्या मुलाखतीला जाईल तेव्हा तुम्ही तिथे नसाल."

"हसणाऱ्यांना काही बोलायचं सोडून तुम्ही हिच्या पानावरून बोळा फिरवलात."

"हसणारे माझ्या हातात नव्हते," ते म्हणाले. "ही आहे."

हे वाक्य मला तेव्हा आवडलं नाही, आजही आवडत नाही. त्यात खरेपणा होता हे मला कळलं होतं. खरं आहे म्हणून माणसाने गप्प बसावं असं मला वाटलं नाही. "ही तुमच्या हातात नाही, सर," मी म्हटलं, "आणि माझ्याही नाही." प्राचार्यांनी घंटी वाजवून पाणी मागवलं, म्हणजे आता पुरे.

त्यांचा निर्णय असा झाला, की समिती येऊन जाईपर्यंत विद्यार्थ्यांची सगळी पानं वेबसाइटवरून काढायची आणि मुलीने सरांची माफी मागायची. ती म्हणाली, "लिवलं ते लिवलं. सरांच्या मनाला लागलं आसंल तर त्येची माफी." प्राचार्यांना बाराच्या आत दुसऱ्या बैठकीला जायचं होतं. त्यांनी ते चालवून घेतलं.

बाहेर वडील मोटारसायकलपाशी उभे होते, शेजाऱ्याची वाट बघत. ती जरा लांब उभी होती. मी जवळ गेले.

"म्याडम," ते म्हणाले, "तुमी मनानं चांगल्या हाव. पर सर बरुबर बोलले. आमी बोलतो तसं बोलायला घरी आमी हाव की. त्येच्यासाठी कालिज कशाला पायजे?"

मी त्यांना समजावायला लागले. ते ऐकत होते, पण हेल्मेटचा पट्टा लावत ऐकत होते. मला त्यांचाही राग आला. ज्या दोन माणसांची ती जन्मापासूनची बोली होती, ते दोघंही ती पुसायच्या बाजूला होते. आणि बोलीच्या बाजूने मी, जिच्या घरात ती कुणी बोलत नव्हतं. हे मला दिसत होतं आणि त्यामुळे राग कमी होत नव्हता.

समिती आली. आमच्या विभागात त्यांच्यातले एक सदस्य आले. त्यांनी प्रोजेक्टरवर वेबसाइटचं मुख्य पान पाहिलं, "फोटो छान आहे" म्हणाले आणि मुलींचं स्वच्छतागृह कुठे आहे ते बघायला गेले. मुलांची पानं असती तरी ती कुणी उघडली नसती. समिती गेल्यावरही ती परत लागली नाहीत. मी दोनदा लेखी मागणी केली. विभागप्रमुखांनी दोन्ही वेळा ती सहीने परत पाठवली आणि दुसऱ्या वेळी माझ्या अर्जातली एक वेलांटी लाल पेनाने सुधारलेली होती. वेलांटी माझी बरोबर होती. मी कोश त्या शब्दापाशी उघडून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी कोश मिटला आणि बाजूला सारला.

काही दिवसांनी वर्गात कुजबुज ऐकू आली आणि मला कळलं, की मुलांनी बाहेर कुठेतरी फुकटात मिळणारा ब्लॉग उघडला आहे. सगळी पानं तिथे जशीच्या तशी होती. म्हैस येली होती, अक्का अक्का होती. मारामारीवाल्या मुलाने मात्र आपलं शुद्ध केलेलंच पान तिथे टाकलं होतं. मुखेडकडची मुलगी म्हणाली, "त्येचं त्येनं ठरिवलंय, राहू द्या." मला फार आनंद झाला. मी तिला म्हटलं, मलाही पासवर्ड दे, मी शब्दांची सूची करून देते, जुळवून देते.

"न्हाई मॅडम."

"का गं?"

"तुमाला दिला, अन उद्या प्राचार्यांनी मागितला, तर तुमाला द्यावा लागंल. तुमी नोकरीत हाव. वाचा की तुमी. वाचायला पासवर्ड लागत न्हाई."

मी दुखावले, आणि ते तिला दिसू दिलं नाही. आजही मी तिथे वाचकच आहे.

परीक्षेत त्या वर्षी बोलीवर प्रश्न आला. सगळ्यांनी गाईडातलं लिहिलं, तिनेही. चांगले गुण पडले. "तिथं कशाला डोकं लावायचं, मॅडम," ती म्हणाली. महाविद्यालयाने पुढे बाहेरून एक तयार सॉफ्टवेअर आणलं. त्यात मी नोट्स चढवते आणि किती मुलांनी त्या उतरवून घेतल्या ते मला दिसतं. मुलांना तिथे लिहायला जागाच नाही. विभागप्रमुख निवृत्त झाले. निरोप समारंभाच्या दिवशी मी रजा टाकून घरी पापड वाळत घातले.

ती पदवी झाल्यावर स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी लातूरला गेली. ब्लॉग चालू राहिला. तिने इतर तालुक्यांतली मुलंही जमवली आहेत. नवं पान आलं की पहिल्या दिवशीच त्याखाली बिननावाचा एक शेरा पडतो. 'शुद्धलेखन तपासावे.' किंवा, 'हा शब्द ग्राम्य आहे, टाळावा.' विरामचिन्हांसकट, एकही वेलांटी न चुकता. आणि त्याखाली तिचं उत्तर असतं. 'तपासलं. असंच हाय.'

मागच्या दिवाळीत मी माहेरी गेले होते तेव्हा तिला भेटायला बोलावलं. बार्शी रोडला एका हॉटेलात आम्ही बसलो. ती बारीक झाली होती. खोलीतल्या मैत्रिणी, क्लास, सराव परीक्षा हे सगळं तिने माझ्यासारख्या मराठीत सांगितलं, मधूनच आपल्या मराठीत आली, परत गेली. तिला ते ठाऊक असावं असं दिसलं नाही.

मी विचारलं, "ते शेरे कोण टाकतं, माहीत आहे का?"

"तुमाला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय. नाव कशाला घ्यायचं?"

"पुसून का टाकत नाहीस?"

"मी कुणाचं लिवलेलं पुशीत न्हाई, मॅडम."

"मग उत्तर तरी कशाला देतेस दर वेळी? किती दिवस चालणार हे?"

"न्हाई दिलं तर त्येंला वाटंल, मानलं आमी," ती म्हणाली, आणि फोनवर वेळ बघून उठली. तिचा पुढचा तास सुरू व्हायचा होता आणि तिथे उशीर झाला की दार लावून घेतात.